पडद्यावरची मेंढरं

शीला आमच्या तंत्रनिकेतनात कामाला लागली ती २०१४ च्या जूनमध्ये. मी तिथं कॉम्प्युटर विभागात शिकवत होते. बीड बायपासच्या पलीकडे माळावर उभं राहिलेलं ते खासगी कॉलेज होतं. तीन मजले झालेले, चौथ्याच्या सळया तशाच वर आलेल्या. लॅब अटेंडंटची जागा कंत्राटी होती. सकाळी चाळीस मशीन चालू करायची, कीबोर्ड पुसायचे, मुलांच्या सह्या घ्यायच्या आणि पाच वाजता सगळं बंद करून किल्ली ऑफिसात द्यायची, एवढंच काम.

ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. माहेर अजिंठ्याच्या डोंगराकडचं, सासर पिशोरचं. दोन्ही घरं धनगरांची, मेंढरांवर जगलेली. बारावी झाली आणि लग्न झालं. नवरा भारत शहरात पाण्याचा टँकर चालवायचा. देवळाईत दोन खोल्या घेऊन दोघं राहत होती. पहिल्या दिवशी मी तिला ‘अहो शीलाताई’ म्हटलं तर ती संकोचून म्हणाली, “मॅडम, नुस्तं शीला म्हणा. ताई म्हणलं की मला वाटतं, माझ्या मागं कुणी उभं हाय.”

लॅबच्या कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं. नवी सॉफ्टवेअर त्याला झेपत नसत, म्हणून मी त्यावर लिनक्स ही हलकी, फुकट प्रणाली टाकून ठेवली होती, आणि मुलं त्यावर चोरून एक खेळ खेळायची. त्या खेळात चित्रं नव्हतीच. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आणि खुणा: टिंब म्हणजे जमीन, रेघा म्हणजे भिंती, इंग्रजी ‘d’ म्हणजे कुत्रा, आणि ईमेलच्या पत्त्यात असतं ते ‘@’ म्हणजे खेळणारा माणूस. त्यानं भुयारात खाली खाली उतरत जायचं. एकदा मेलं की खेळ संपला. पुन्हा सुरुवात केली की भुयारही नवं. जगभरातली हौशी माणसं वीस-पंचवीस वर्षं तो खेळ फुकट लिहीत, वाढवत आली होती. त्याचा सगळा कोड कुणीही उघडून वाचावा, हवा तसा बदलावा, अशी मोकळीक होती.

दुपारच्या सुट्टीत मुलं कँटीनला जायची. शीला भाकरीचा डबा त्या मशीनसमोर उघडायची. एका हातानं जेवायची आणि दुसऱ्या हातानं त्या ‘@’ला चालवायची. आठ-दहा दिवसांनी ती मला म्हणाली, “मॅडम, ह्यो मानूस सारखा भुकंनं मरतोय.”

“हो, त्याला खायला शोधून द्यावं लागतं.”

“आन पाणी?”

“पाण्याचं काही नाही त्यात.”

“म्हंजे तहान लागतच नाय त्याला?” तिचा विश्वासच बसेना. त्या वर्षी आमच्या कॉलेजची टाकीसुद्धा टँकरनं भरत होती आणि पुष्कळदा तो टँकर भारतच घेऊन येई. “एवढं चालतोय बिचारा, वर चढतोय, खाली उतरतोय, आन तहान नाय. कुणी लिव्हलाय हा खेळ?”

मी पेपर तपासत होते. वर न बघताच म्हटलं, “कोड उघडाच आहे. तूच टाक की तहान.”

मी थट्टेत म्हटलं होतं. तिनं ते तसं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्याबरोबर ती माझ्या टेबलापाशी आली. “मॅडम, तो उघडा कोड असतो कुठं?”

मी तिला फाईली दाखवल्या. शंभराहून जास्त फाईली आणि त्यात ‘सी’ भाषेतल्या हजारो ओळी. ती दहा मिनिटांत उठेल असं मला वाटलं. खरं तर असं वाटायला नको होतं. माझे वडील सर्जेराव हमाली करता करता पस्तिसाव्या वर्षी मॅट्रिक झाले होते. त्यांच्या घरात वाढलेल्या बाईनं कुणाबद्दल असा अंदाज बांधू नये. पण मी बांधला. शिक्षिकेची सवय म्हणून पहिल्या वर्षाचं ‘सी’चं पुस्तकही तिच्या हातात ठेवलं. तीन दिवसांनी तिनं ते परत आणून दिलं.

“कळलं नाही का?”

“थोडंथोडं कळलं. पर हे पुस्तक नुस्ती दोन आकड्यांची बेरीज करतंय मॅडम. मला त्याला पाणी पाजायचंय.”

मग मी तिला एकच गोष्ट शिकवली: फाईलींमध्ये शब्द कसा शोधायचा. भूक लागली की खेळात खाली ‘हंग्री’ असं इंग्रजीत येई. तिनं तो शब्द शोधला आणि तो जिथं जिथं सापडला ती ओळ दोनशे पानी वहीत उतरवून काढली. कुठल्या फाईलीत, कितवी ओळ, आधी काय, नंतर काय. पहिला बदल तिनं केला तो इतकाच, की ‘हंग्री’च्या जागी ‘भूक लागली’ असं लिहिलं. पुन्हा प्रोग्रॅम बांधायला घेतला तर पडदाभर चुका आल्या. एक अर्धविराम खोडला गेला होता. तो घातला, तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आले. त्या जुन्या पडद्याला आपले काना-मात्रा पेलत नव्हते. शेवटी तिनं इंग्रजी अक्षरांत ‘bhuk lagli’ लिहिलं आणि खेळ चालू केला. ‘@’ला मुद्दाम उपाशी ठेवून ती वाट बघत बसली. खाली ते दोन शब्द उमटले तशी ती खुर्चीतून उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि मला म्हणाली, “माझं ऐकलं त्यानं.”

त्यानंतर तहानेचं काम सुरू झालं. तिची पद्धत साधी होती. भूक जिथं जिथं होती, तिथं तिथं शेजारी तिनं तहान लिहिली. प्रत्येक पावलाला भुकेचा आकडा एकानं कमी होत होता. तिनं तहानेचा दोननं कमी केला. “पाणी अन्नापरीस लवकर लागतं,” ती म्हणाली. सगळं जुळलं, प्रोग्रॅम बांधला गेला, एकही चूक आली नाही. पण खेळ चालू केला की ‘@’ पहिलं पाऊल उचलायचा आणि मरायचा. चार सुट्ट्या ती त्या एका गोष्टीपायी डोकं धरून बसली. मला पहिल्याच दिवशी कारण कळलं होतं. सांगावं का न सांगावं, असं होऊन मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी ती जवळजवळ पळतच आली.

“मॅडम, तो जल्माला येतो तवाच त्याच्या पोटात नऊशे घातलेलं असतंय! दुसऱ्याच फाईलीत हाय ते. मी पाणी द्यायचंच इसरले. कोरडाच जल्माला घातला की मी त्याला.”

आमच्या वर्गातली मुलं ‘व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्यावी’ हे वाक्य परीक्षेसाठी पाठ करायची. तिला ते त्या दिवशी असं समजलं.

पुढच्या वर्षी, २०१५ ला, पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. पिशोरला शीलाचे सासरे कारभारी एकटेच राहत होते. सासू म्हाळसाबाई वारून तीन वर्षं झाली होती. त्यांच्याकडे चाळीसेक मेंढरं होती. श्रावणात रानात काडी उरली नाही, तेव्हा त्यांनी मेंढरं लासूर स्टेशनच्या बाजारात नेऊन विकली. सगळी, एका दिवसात. भारत टँकर घेऊन त्या बाजूला गेला होता, तो त्यांना केबिनमध्ये बसवून देवळाईला घेऊन आला. सोबत एक घोंगडी आणि एक काठी.

शीला सासऱ्यांना मामा म्हणायची. आमच्याकडे तीच रीत आहे. मामा सकाळी उठून दाराच्या पायरीवर बसायचे ते दिवे लागेपर्यंत तिथंच. समोर सात मजली इमारतीचं काम चाललं होतं. सिमेंटचे ट्रक येत होते, लिफ्टचा खड्डा खणला जात होता. ते बघायचे की नाही, कळायचं नाही. जेवा म्हटलं तर जेवायचे. काही विचारलं तर ‘हं’ म्हणायचे. दोन महिने असेच गेले.

“चिडले असते तर बरं झालं असतं मॅडम,” शीला कीबोर्ड पुसता पुसता म्हणाली. “भांडले असते तरी चाललं असतं. भारत आत गेले की रडत्यात. मामा रडत पण नायत.”

दिवाळीआधी कॉलेजनं जुनी मशीन भंगारात काढायचं ठरवलं. प्राचार्यांना विचारून मी ते कोपऱ्यातलं मशीन शीलाला देववलं. तिनं ते रिक्षातून घरी नेलं. मोठा पडदा मांडीवर आणि मशीनचा डबा पायाशी, अशी बसून. दारातून आत नेताना मामांनी पाय बाजूला घेतले, एवढंच.

घरी तिला खेळात एक जनावर घालायचं होतं. कुत्र्याचा कोड आधीचाच होता, त्यावरून दुसरं काही बनवता येईल असा तिचा हिशेब. वाघ-सिंह तिनं कधी बघितले नव्हते. “आपल्याला जे ठावं हाय तेच टाकावं,” म्हणून तिनं मेंढरू टाकलं. ‘m’ हे अक्षर, आणि दर पावलाला आठ दिशांपैकी कुठलीही एक. अशी बारा मेंढरं तिनं एका रविवारी सकाळी पडद्यावर सोडली. ती वाटेल तशी उड्या मारत फिरू लागली.

मामा पाणी प्यायला आत आले होते. ते तिच्या मागं थांबले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “ही काय हायत?”

“मेंढरं हायत, मामा.”

ते आणखी जवळ सरकले. मग ते म्हणाले, “याडी झालीत का काय? अशी कुठं चालत्यात मेंढरं?”

शीलानं मला हे दुसऱ्या दिवशी गेटपाशीच सांगितलं. “मी मागं वळले नाय मॅडम. वाटलं, वळले तर गप बसतील. तशीच पडद्याकडं बघून इचारलं, मंग कशी चालत्यात?”

आणि कारभारींनी सांगितलं. मेंढरू एकटं चालत नाही. त्याला पुढच्याचं शेपूट दिसायला लागतं. दिसलं तर त्याच्या मागं जातं. नाही दिसलं तर थांबतं, मान वर करतं आणि ओरडतं. ते ओरडणं कानावर पडलं की जवळचं कुणीतरी ओ देतं.

“तीन ओळी झाल्या बघा,” शीला मला म्हणाली. बोलताना ती हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. “त्यांनी सांगितलं तशाच लिव्हल्या. जर, नायतर, नायतर.”

त्या तीन ओळींच्या चाळीस झाल्या. मेंढरांनी एकमेकांना ओळखायचं कसं, जवळ म्हणजे किती जवळ, असे प्रश्न घेऊन ती माझ्याकडे आली. मी तिला पुस्तकातला रस्ता दाखवला: प्रत्येक मेंढरानं वाटेतले दगड-झाडं टाळून बाकीच्या सगळ्या मेंढरांपर्यंतची वाट मोजायची आणि सगळ्यात जवळचं निवडायचं. तिनं तसं केलं. मेंढरं चाळीस झाली तसं ते जुनं मशीन धापा टाकायला लागलं. एक पाऊल टाकलं की दहा आकडे मोजून होईपर्यंत पडदा थिजलेला. तेही मामांना पटलं नाही. “कुठलं मेंढरू बसून एवढा इचार करतंय?” असं ते म्हणाले म्हणे. मग शीलानं माझी पद्धत काढून टाकली. आता मेंढरू फक्त आपल्या भोवतालच्या आठ घरांत बघायचं. कुणी नसलं तर उभं राहून ओरडायचं, आणि ज्यांच्या कानावर आवाज जाईल ती त्याच्याकडे एक पाऊल सरकायची. मशीन झटकन चालू लागलं. तिनं दाखवलं तेव्हा मी तो कोड दोनदा वाचला. माझ्या वर्गातल्या कुणी तो लिहिला असता तर मी फळ्यावर उतरवून घेतला असता.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मामा पायरीवर नव्हते. आत मशीनशेजारी पत्र्याचा डबा उपडा घालून त्यावर बसले होते.

“या मॅडम,” ते म्हणाले. “तुम्हीच का निशा मॅडम? ही पोरगी सारखं तुमचं नाव घेती. बसा. हिनं लई घोटाळा करून ठेवलाय.”

“काय झालं?”

“वारा इकडून सोडलाय हिनं आन मेंढरं तोंड करून उभी हायत तिकडं. चरताना मेंढरू वाऱ्याला तोंड देतं. पाठ देत नाय.”

“करते की नीट मामा, आत्ताच वारा घातलाय मी,” शीला म्हणाली.

मामांना वाचता येत नव्हतं. पण ‘m’ म्हणजे मेंढरू, ‘@’ म्हणजे आपण, हे त्यांना पक्कं झालं होतं. “ह्यो मी,” पडद्यावर बोट टेकवून ते मला सांगायचे. पडद्यावर एकदा दुपार झाली. शीलानं पावलं मोजून खेळात सकाळ, दुपार, संध्याकाळ बनवली होती. ऊन चढलं तशी सगळी ‘m’ गोळा होऊन एकमेकांना चिकटून उभी राहिली. “आता कसं,” मामा खूश होऊन म्हणाले. “उन्हाच्या तावात एकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी ऱ्हात्यात. तवा हलवायचं नाय. मारलं तरी हलत नायत.”

भिंतीही शीलानं काढून टाकल्या होत्या. मामांनी पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं, “ही सगळी घरंच हायत. रान कुठंय?” तेव्हा भुयार बनवणारी फाईल शोधून तिनं तिच्यात उघडं रान बनवायला घेतलं होतं. त्यात मामा सांगतील तशी वाट आणि वाटेवरचं पाणी. आवडाबाईची बारव होळीपर्यंत पुरते. कडुबाचा आड चैत्र संपेपर्यंत दम धरतो. नाल्याकाठचा झरा दिवाळीलाच आटतो. हे लक्षात ठेवायला शीलानं कोडमध्ये एक तक्ता केला होता: आडवे बारा महिने, उभी पाण्याची ठिकाणं. त्याला ‘ॲरे’ म्हणतात, हे मी सांगितल्यावर तिला कळलं. ती म्हणाली, “नाव हाय का त्याला? मला वाटलं, मीच काढलं.”

चहा झाल्यावर मामा मला म्हणाले, “ही वाट इथंच येती, ठावं हाय का?”

“इथं म्हणजे?”

“हितंच. देवळाईला. सुगी झाली की आमच्या मेंढरांचा वाडा ह्याच रानात बसायचा. शेतकरी बोलवायचे, खत मिळायचं त्यांना. माझ्या बापासंगट मी ल्हान असताना आलोय.” ते उठून दारात गेले आणि समोरच्या इमारतीकडे हात केला. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब घालून झाला होता. खिडक्यांना हिरवं जाळं लावलेलं. “तो लिफ्टचा खड्डा हाय ना, तिथं एक बोर होती. लई गोड बोरं. माझी आई पदरात घेऊन यायची.”

त्यांच्या बोलण्यात राग असेल असं मला वाटलं. पण ते पुढं म्हणाले, “मानसांना ऱ्हायला घरं लागत्यातच की. ह्या पोरीला बी लागलंच ना.”

शीलानं त्या दिवशी संध्याकाळी रानाच्या एका टोकाला एक झाड लावलं. ‘b’ अक्षराचं.

२०१६ च्या फेब्रुवारीत मी तिला म्हटलं, ती तहान आणि हा कळपाचा भाग खेळ लिहिणाऱ्या लोकांना पाठव. इंग्रजीत चिठ्ठी लिहायला तिला भीती वाटत होती, म्हणून आम्ही दोघींनी मिळून लिहिली. तहान त्यांनी घेतली नाही. खेळ फार अवघड होईल, असं कळवलं. त्यावर ती दोन दिवस घुश्शात होती. “अवघड तर हायच,” म्हणाली. पण कळपाचा कोड त्यांना आवडला. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, वाऱ्याचा नियम कुठल्या पुस्तकात वाचलात? शीलानं मला न विचारता, स्वतःच्या इंग्रजीत उत्तर दिलं: पुस्तक नाही, माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. खेळाची पुढची आवृत्ती निघाली तेव्हा मदत करणाऱ्यांच्या यादीत एका ओळीत दोन नावं होती, शीला आणि कारभारी. तिनं ती ओळ मामांना वाचून दाखवली.

“तिथं माझं नाव कशाला?” ते म्हणाले. “मी तर मेंढरांकडून शिकलो.” पण भारत घरी आल्यावर त्यांनी तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. गणपतीनंतर तर इतका, की भारतला आठ-आठ दिवस टँकर काढावा लागला नाही. दसरा झाला आणि एका सकाळी मामांनी घोंगडी झटकून घडी घातली.

“मला पिशोरला जायचंय.”

शीला भाकरी थापत होती. तिला ते इतकं लागलं, की तवा तसाच ठेवून ती बाहेर आली. “माझं काय चुकलं का मामा? मी काय कमी केलं?”

“तुझं काय चुकलं नाय पोरी.” ते खाली बसले आणि तिलाही बसायला लावलं. “मी हितं आलो तवा मेलेलाच होतो. पाय नुस्ते लटकत होते. तू ती मेंढरं केली. पयल्यांदा याड्यावानी चालत होती, मंग नीट चालाय लागली. ती चालाय लागली तसं माझ्या पायांना आठवलं. आता ते ऐकत नायत.”

“परत पाऊस नाय आला तर?”

“तर येईन की हितं. तुझं घर कुठं जातंय?”

शीला त्या दिवशी कामावर उशिरा आली. तिनं मशीन चालू केली, सह्या घेतल्या, आणि दुपारी मला हे सगळं सांगितलं. मग म्हणाली, “मॅडम, मला आनंद व्हायला पायजे ना? मग असं का होतंय?” मी तिच्या डब्यातली अर्धी भाकरी घेतली आणि माझी पोळी तिला दिली.

मामांनी चार मेंढ्या घेऊन पुन्हा सुरुवात केली.

२०१७ च्या उन्हाळ्यात कॉलेजातले प्रवेश घटले आणि कंत्राटी माणसं कमी झाली. शीलाचं नाव त्यात होतं. माझा जुना विद्यार्थी बद्रीनाथ चिकलठाण्याला दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवायचा. दुधाचं वजन आणि फॅट मोजून पावती देणारी. त्याचा प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनिअर पुण्याला निघून गेला होता आणि त्यानं लिहिलेलं कुणाला उलगडत नव्हतं. मी शीलाला त्याच्याकडे नेलं. बद्रीनाथनं आधी डिग्री विचारली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “ठीक आहे मॅडम. एक गोष्ट अडलीय ती दाखवतो. कधीकधी एका शेतकऱ्याच्या पावतीवर आधीच्या शेतकऱ्याच्या दुधाचं फॅट छापून येतं. कधी येतं, कधी नाही. दोन महिने शोधतोय.”

शीलानं वही काढली. ‘फॅट’ हा शब्द जिथं जिथं होता ती ओळ लिहून काढायला तिनं सुरुवात केली. बद्रीनाथला ते बघून हसू येत होतं, ते मला दिसत होतं. दोन तासांनी तिनं वही फिरवून त्याच्यापुढं ठेवली.

“नवं कॅन आलं की आधीचा आकडा पुसायला पायजे, तो ह्या एका वाटेनं पुसलाच जात नाय. मोजणारी सुई दूध घ्यायच्या आत बटन दाबलं, की जुनाच आकडा छापतंय.”

बद्रीनाथनं तिथंच करून बघितलं. मग खुर्ची मागं सरकवून विचारलं, “तुम्ही शिकलात कुठं?”

“एका खेळात,” शीला म्हणाली, आणि लगेच घाबरून माझ्याकडे बघितलं.

ती तिथं राहिली. पहिलं वर्ष तिला जड गेलं. बैठकीत सगळे इंग्रजी शब्द टाकून बोलायचे. ती गप्प बसायची आणि घरी येऊन ते शब्द वहीत लिहायची. एकदा तिच्या चुकीनं दोन केंद्रांवरची यंत्रं सकाळी बंद पडली, तेव्हा ती स्वतः एस.टी.नं दोन्हीकडे जाऊन माफी मागून आली. लोकांनी तिला दूध पाजून परत पाठवलं. हळूहळू बद्रीनाथ गिऱ्हाइकांना तिचाच नंबर द्यायला लागला.

२०१८ ला पुन्हा दुष्काळ पडला. मामा या वेळी शहरात आले नाहीत. ते मेंढरं घेऊन पायी पैठणच्या बाजूला, गोदाकाठी उतरले आणि पाऊस पडल्यावर परत वर गेले. शीला रोज सकाळी फोन करायची. कधी लागायचा, कधी नाही.

२०२० च्या जानेवारीत तिनं मला पिशोरला नेलं. मामांची मेंढरं अकरा झाली होती. गावाबाहेर एका बरड माळावर ती चरत होती, तोंडं सगळी उत्तरेकडं, वारा तिकडूनच येत होता. मामा आधीपेक्षा वाळले होते, पण चालणं आमच्याहून भराभर. आम्ही तिघं बांधावर बसलो. शीलानं आणलेले धपाटे खाल्ले. तेवढ्यात बद्रीनाथचा फोन आला. गंगापूर तालुक्यातलं एक केंद्र बंद पडलं होतं, बायका-पुरुष कॅन घेऊन रांगेत उभे होते, आणि ते शीलाशिवाय कुणाला सुरू करता येत नव्हतं.

नेटवर्क फक्त माळाच्या उंचवट्यावर होतं. शीला लॅपटॉप घेऊन तिथं गेली आणि एका दगडावर बसली. पण ऊन इतकं लख्ख होतं, की तिला पडद्यावर काही दिसेना. ती मान वाकवून, हाताचा आडोसा करून बघत होती. मामांनी ते लांबून बघितलं. ते चढून वर गेले, उन्हाच्या बाजूला उभे राहिले आणि घोंगडी दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर धरली.

“दिसतंय का आता?”

“दिसतंय मामा. तुमचे हात दुखतील.”

“माझ्या हाताचं मी बघतो. तू तुझं कर निवांत.”

मेंढरं तोवर चरत चरत पुढं निघाली होती. खाली कुणाचा तरी हरभरा होता. मामांना घोंगडी सोडता येईना. त्यांनी मला हाक मारली, “मॅडम, तेवढी मेंढरं वळवा जरा!”

मी कधी मेंढरं वळवली नव्हती. मी साडी आवरली आणि पळत सुटले.